बेसण्याच्या चादरी

१२ जाने.
संस्थेत मीटिंग. मुंबईच्या पाहुण्यांना आपण मदत करतो त्या मंडळांचं काम 'प्रत्यक्ष' बघायचंय. मी म्हटलं, छाणी गावचं मंडळ दाखवू. कोकिलाबेनच्या बायका. कुणाकडे मयत झाली आणि घरात माणूसबळ नसलं की जातात, पांढऱ्या चादरी अंथरतात, बेसणं म्हणजे शोकाची बैठक सांभाळतात. पाणी, भजन, रडणारीजवळ बसणं. असं मंडळ अख्ख्या बडोद्यात दुसरं नाही, असं ठसक्यात सांगितलं. संस्थेच्या नावाचा बॅनरही मीच करून घेतला.

२० जाने.
को.बेनचा फोन. "गुरुवारे एक छे. मंजुलाबेनना घरवाळा गया." विचारलं, पाहुणे आणू? जरा थांबल्या. मग, "बेसणामां तो कोई पण आवी शके, बेन." खरंच, बेसण्याला आलेल्याला कुणी नाही म्हणत नाही. चला, होकार मिळाला.

२२ जाने.
लिहवत नाही. सगळ्या बायका पांढऱ्यात, पाहुणीबाई गुलाबी कुडत्यात. फोन काढला तिने. मी अडवायचं, तर उलट म्हणाले, "जरा मागे सरकून घ्या, बॅनर येईल." मंजुलाबेननी मान वर केली, फोनकडे पाहिलं आणि पदर पुढे ओढला. दारात पाहुणी हसून म्हणाली, "फिर आएँगे." मयताच्या घरी! आणि मी तिच्या शेजारी उभी. को.बेननी नुसते हात जोडले.
तो होकार नव्हताच. त्या नाही म्हणूच शकत नव्हत्या. इतकी वर्षं ह्या गावात राहून मला हे कळू नये?

२७ जाने.
पाहुण्यांनी देणगीसाठी छाणीचं मंडळ निवडलं. फोटो 'फार बोलका' म्हणे. तो आता ह्या फोनवरून त्या फोनवर फिरतोय, छाणीतसुद्धा. ह्यांनी बघितला. चष्मा काढून विचारलं, "माझ्या वेळी पण बॅनर लावणार का?" हसले नाहीत.

५ फेब्रु.
दोन घरांनी मंडळाला बोलावलंच नाही. को.बेन म्हणाल्या, "लोको कहे छे, तमारी बाईओ फोटा पाडे." त्यांच्या बायकांनी कधी फोन हातात घेतला नाही. केलं मी, भोगतायत त्या. म्हटलं, मंजुलाबेनच्या पाया पडून येते. "हमणां नहीं, बेन." इतक्यात नको म्हणाल्या.
संस्थेत निवडीचा केक. सगळ्यांदेखत मीच कापला. खाल्लासुद्धा. शरम वाटते स्वतःची.

१९ फेब्रु.
एका घरानं बोलावलं, रविवारी. को.बेनचा फोन आला तेव्हा जीव भांड्यात पडला. मग त्या अडखळल्या. "पण एमणे कह्युं छे, फोटावाळां बेन न आवे."
म्हटलं, बरोबर आहे त्यांचं. मी दुसरं काही करू का?
"चादरो धोई आपशो?"
रिक्षा करून गेले, गठ्ठा घेऊन आले. मंजुलाबेनच्या गल्लीवरून जावं लागलं. मान खाली घालून बसले होते.

२० फेब्रु.
चादरी धुऊन गॅलरीत घातल्या. सगळ्या पांढऱ्या. इथे सुभानपुऱ्यात समोरच्या सुलभाताईंनी खालून बघितलं आणि तशाच वर आल्या. चपला बाहेर काढून, हलक्या आवाजात, "कोण गेलं गं?"
मला रडू आलं. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. माझा हात हातात घेऊन बराच वेळ जवळ बसून राहिल्या.
मी काही सांगितलं नाही.