बारीक आलू

१७ जानेवारी, कारधा

बाबांवर उगाच आवाज चढवला. तेच डोक्यातून जात नाहीये.

सकाळी आपल्या भाजीच्या वाडीतल्या आलूचं एक आकसलेलं पान चाचणीच्या द्रावणात चुरडलं, त्यात पट्टी बुडवली. दहा मिनिटांत दुसरी रेघ उमटली, म्हणजे विषाणू. शेजारच्या झाडालाही तीच दुसरी रेघ.

"बिमारी आली कुठून? बियाणं तं घरचंच आहे," बाबा म्हणाले.

घरचं आहे म्हणूनच तर! रोगट झाडाला आलू बारीक लागतात, आणि बाबा दरवर्षी नेमके बारीकच बियाण्याला ठेवतात. ते लावले की रोग पुढच्या पिकात. मी गावोगाव शेतकऱ्यांना हेच शिकवत फिरते, आणि घरातलं दिसलं नाही?

"मोठे काहून नाही ठेवले?" मी ओरडलेच.

बाबा त्या दुसऱ्या रेघेकडे पाहत राहिले. "मोठे तं तुमच्या भाजीत टाकत होतो न वं."

 मी बाकीची झाडं तपासली. एकच रेघ आलेल्या निरोगी झाडांना बाबांनी आपल्या जुन्या दुपट्ट्याच्या चिंध्या बांधल्या.

"या झाडायचे मोठे बियाण्याले ठेवू. बारीक मी खाईन. तुले सोलाचा कंटाळा येते."

चाळिशीला आले मी, बाबा!