थेंब खोटं बोलत नाही

१४ मार्च

ती. ताईस,

बारक्याचा नमस्कार. इकडे सगळे खुशाल आहेत, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. तुझे गुडघे कसे आहेत? माझे कान अजून शाबूत आहेत. त्यांच्यापायीच हे पत्र लिहायची वेळ आली.

धंदा बरा चाललाय. नाशपातीला यंदा दाट बहर आहे, बागवाले फुलांवर हातानं लावायला आपल्या परागाच्या पुडीसाठी दारात उभे असतात. फुलांची पूड विकून माणूस पोट भरतो, हे वडिलांना शेवटपर्यंत पटलं नाही. दुसऱ्यांच्या बागेत शिड्या वाहणारा मी... असो. मी पाल्हाळ लावतोय, तुझ्या लक्षात आलंच असेल.

गेल्या आठवड्यात विद्यापीठातली एक संशोधक मुलगी आली. पराग रुजताना दाण्याच्या आत काय घडतं, यावर तिचं काम. तिला जुनी पूड हवी होती. फ्रीझरच्या तळाशी बर्फात चिकटलेली एक कुपी निघाली. वर तुझं अक्षर. आपलं फाटलं त्या वर्षीचं. बाकीच्या सगळ्या मी मोरीत ओतल्या होत्या, ही कशी वाचली कोण जाणे.

"ती मेलेली आहे," मी म्हणालो. "रुजते का ते साखरपाण्याच्या थेंबात टाकून बघितलंय. एकाही दाण्याला नळी फुटली नाही. थेंब खोटं बोलत नाही, पोरी."

हे वाक्य तू माझ्या तोंडून किती वेळा ऐकलंयस!

तिनं निम्मी पूड माझ्या रीतीनं थेट थेंबात टाकली. उरलेली एका बंद डब्यात, ओल्या टिपकागदाच्या वर, पाण्याला न लागू देता तासभर नुसती ठेवली. मग थेंबात.

माझ्या थेंबात शंभरात एकही दाणा रुजला नाही. तिच्या थेंबात चाळीस. चाळीस, ताई! नऊ वर्षांच्या पुडीला केसासारख्या नळ्या. मी सूक्ष्मदर्शकापुढे बसलो तो उठेचना.

"वाळलेल्या दाण्याचा पापुद्रा थिजलेला असतो, काका," ती म्हणाली. "एकदम पाणी आदळलं की तो फाटतो, आतलं सगळं गळून जातं. आधी नुसती दमट हवा दिली की सैलावतो, मग पाणी सोसतो. नळी काढायचे निरोप आरएनएच्या रूपात दाण्यात आधीच लिहून ठेवलेले असतात. ओल लागली की वाचन सुरू."

"म्हणजे तेव्हाही सगळं लिहून तयार होतं?"

"होतं. तुम्ही वाचू दिलं नाहीत."

त्या वर्षाआधी आपण ताजीच पूड तपासायचो. साठवलेली तपासायची ती पहिलीच खेप होती. आणि तुझ्यानंतर आलेली मंडळी कुपी उघडी टाकून चहाला जातात, पूड हवेतली ओल पिते आणि माझ्या थेंबात छान रुजते. त्या गबाळ्यांना मी शाबासकी देत आलो. तुझ्या कुप्या मात्र घट्ट बंद, आतली पूड खडखडीत कोरडी.

दुपारी दाराआडून कानावर आलं. ती कामावरच्या पोरींना विचारत होती, "हे कोणी साठवलंय गं? काय हात आहे! त्या बाईंना भेटता येईल?" मी आत जाऊन म्हणालो, "त्या निवृत्त झाल्या." ताई, मी अजूनही खोटंच बोललो.

रात्री ते खोटं घशाखाली उतरेना. सकाळी सगळ्यांना त्याच टेबलाशी बोलावलं, जिथं मी तुला "फ्रीझरचं दार उघडं टाकून माझं वर्ष बुडवलंस" म्हणालो होतो. थेंबाचं सगळं सांगितलं. फुलं निवडणाऱ्या मावशी मान वर न करता म्हणाल्या, "दार लावलेलंच होतं, मालक. त्या दिवशी मी स्वतः ओढून बघितलं होतं."

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"तुम्ही विचारलंत कुठं? तुम्ही तर सांगत होतात."

मोठा तिखट कानाचा म्हणून मिरवतो मी. तूही त्या दिवशी तीनदा म्हणाली होतीस. मला शब्दन् शब्द आठवतोय, म्हणजे ऐकू आलं होतं.

मावशींचं ऐकलं त्याच दिवशी गाडी काढून तुझ्याकडे यायला निघालो होतो. वळणावरून परत फिरलो. नऊ वर्षं कोरड्या ठेवलेल्या माणसापुढे एकदम जाऊन धाडकन उभं राहू नये, एवढं आता शिकलोय. म्हणून आधी हे पत्र. तुला हवा तेवढा वेळ घे. ये म्हणालीस तर येईन, नाही म्हणालीस तर कुपी तेवढी पाठवून देईन. ती तुझी आहे.

दार तू लावलं होतंस.

तुझा,
बारक्या