लोयांगच्या बाजारातला वाचक

तीर्थरूप बाबांना साष्टांग नमस्कार.

तुम्ही सावंतवाडीला परतल्यापासून हे सांगायचंय, पण फोनवर जीभ रेटत नाही.

इथे परदेशात माझ्याकडे राहायला होतात तेव्हा सिलिकॉन ओएसिसच्या मॉलमध्ये तुम्ही दुपारी पुस्तकांच्या दुकानात उभ्याने वाचायचात. त्या दिवशी मी साहेबांबरोबर तिथे शेजारीच कॉफी प्यायला आलो होतो.

"हा म्हातारा उभ्याउभ्याच अख्खं पुस्तक संपवणार," साहेब हसले. "तुमच्याकडचा दिसतो. ओळखतोस?"

मी "नाही" म्हणालो. तुम्ही जवळच होतात. तुमचं पान उलटायचं थांबलं.

संध्याकाळी तुम्ही अंशला त्या पुस्तकातली गोष्ट सांगितलीत. दोन हजार वर्षांपूर्वी चीनमधल्या लोयांगच्या बाजारात पुस्तकांची दुकानं होती. एक गरीब विद्यार्थी तिथे उभ्यानेच वाचून सगळं पाठ करायचा.

"आजोबा, डिडन्ट द शॉपकीपर शाउट?" अंशने विचारलं.

"नाही रे. सावंतवाडीच्या आपल्या पुस्तकांच्या दुकानात मी तरी कुणाला कधी हटकलं?"

माझ्याकडे तुम्ही पाहिलंही नाहीत. त्यानंतर मॉलमध्ये गेला नाहीत, आणि परतीचं तिकीटही अलीकडचं करून घेतलंत.

काल ते पुस्तक आणायला गेलो. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, "वो अंकल आजकल नहीं आते?"

"मेरे पिताजी हैं," मी म्हणालो.

"मालूम है," त्या म्हणाल्या. "आप कॉफी पीने आए थे ना, आप को आते देखते ही उन्होंने दूर से दिखाया था. बोले, वो देखो, मेरा बेटा."

तुमचाच,
विघ्नेश