सहीसाठी आलेलं पुस्तक

अहो,

आज तुमच्या नावाने पार्सल आलं, म्हणून लिहायला बसले. सकाळपासून कितीदा टेबलाशी जाऊन परत फिरले. काही म्हणता काही सुचत नाहीये.

तुम्ही गेल्यावर मी मुलाकडे वारज्याला आले, हे पोस्टाला कुठून कळणार? पार्सल नारायण पेठेतच गेलं. खालचे स्टेशनरीवाले शेखभाई ते घेऊन थेट इथे आले. "वहिनी, साहेब गेल्याचं त्या माणसाला ठाऊक नसणार," म्हणाले आणि चहाही न घेता गेले.

आत तुमचा कवितासंग्रह, परतीचं तिकीट लावलेलं पाकीट आणि अकोल्याच्या एका निवृत्त मास्तरांची चिठ्ठी. त्यांच्या बायकोला, शैलजाबाईंना, तुमच्या कविता पाठ आहेत. येत्या मंगळवारी त्यांची साठी. त्यांच्या नावाने सही हवी आहे.

बघा! लोकांचे नवरे बायकोसाठी कुठून कुठे सह्या मागतात!

चिरंजीव म्हणाले, "आण, मी करतो बाबांची सही. शाळेत प्रगतिपुस्तकावर करायचोच की!" तुम्हाला माहीत होतं का हो हे? एरवी हसले असते. आज त्याच्यावर खेकसले.

वाचकांच्या प्रत्येक कार्डाला तुमचं उत्तर जायचं. कुणाच्या परीक्षेला आशीर्वाद, कुणाच्या आजारपणाची चौकशी. पाकिटांना खळ लावायला मी! आणि माझ्या प्रतीवर सही मागितली तेव्हा काय म्हणालात? "तुला कशाला? तू तर घरचीच." मी निमूट पोळ्या लाटायला गेले. पण लागलं होतं मला. फार लागलं होतं. अजून ते कोरं पान उघडवत नाही.

आता विचारू कुणाला? पुस्तक तसंच परत केलं, तर त्या बाईंच्या वाढदिवसावर विरजण पडेल. खोटी सही केली, तर एका वेलांटीसाठी छापखान्यात भांडणारे तुम्ही, मला स्वस्थ झोपू द्याल?

म्हणून शब्द देते. तुम्ही गेल्याचं मास्तरांना वेगळ्या चिठ्ठीत कळवीन. बायकोला कधी सांगायचं ते त्यांचं ते ठरवतील. पुस्तकात 'शैलजाताईंना साठीच्या शुभेच्छा' लिहीन आणि खाली माझी सही करीन, माझ्याच नावाची.

माझ्या प्रतीवरही मीच करणार आहे, पानाच्या अगदी तळाशी. वरची जागा तुमची. ती कोरीच राहील.

तुमची, घरचीच,
सुमती