भांडायला सोबत

मांजर्ली, बदलापूर (प.)
रविवार, दुपार

प्रिय संध्या,

पत्र बघून दचकू नकोस, इथे सगळे ठणठणीत आहेत. फोन का केला नाही म्हणशील, तर फोनवर मी एकदा सुरू झाले की तुला मध्ये शिरायला जागा मिळत नाही, आणि या वेळी मला तुझं ऐकायचंय. शिवाय तुमच्या पुण्याच्या घरी फोन स्पीकरवर टाकून बोलायची पद्धत आहे. मागे तुझ्या सुनेच्या उपम्याबद्दल मी जे बोलले ते म्हणे अख्ख्या घराने ऐकलं. ते पुन्हा नको.

बातमी अशी की गेल्या शनिवारी मी अंबरनाथला व्याख्यान ऐकून आले. हसू नकोस. ह्यांच्या कारखान्यातले जुने साहेब त्या व्याख्यानमालेचे अध्यक्ष झालेत, म्हणून तोंड दाखवणं भाग होतं. विषय बाहेर फळ्यावर लिहिला होता: जुनी दोस्त राष्ट्रे परराष्ट्र धोरण आणि लष्करी बळाचा वापर यांवरून का फुटतात? तो वाचूनच ह्यांनी डोळे मिटायची तयारी केली. मीही घरी विरजण लावलंय की नाही याच विचारात बसले होते. वक्ते रिटायर्ड प्राध्यापक, अंगाने काटकुळे, आवाज मात्र खणखणीत. ते म्हणाले, दोस्ती होते समान शत्रूमुळे, पण शत्रू प्रत्येकाच्या दारापासून सारख्याच अंतरावर राहत नाही, तिथे पहिली चीर पडते. मी ताडकन सरळ बसले. म्हटलं, मेला हा आपल्या गल्लीत राहून गेला की काय.

आपली दोस्ती कशावर उभी होती, आठव. देवधर्म नाही, भिशी नाही, भांडायला सोबत जाण्यावर. उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये शेजारी भाड्याने राहायचो तेव्हा मी ते लोखंडी कपाट घेतलं, ज्याचं दार काही केल्या लागायचं नाही. मी तुला नुसतं 'चल' म्हटलं. तू गॅस बंद केलास, गाऊनवर ओढणी टाकलीस, आणि कुठे नि कशाला ते वाटेत विचारलंस. दुकानात मी बोलत होते आणि तू मागे पिशवी घेऊन प्रत्येक वाक्याला शांतपणे 'बरोबर आहे' म्हणत होतीस. तो शेठ सुरुवातीला आपल्याला 'दीदी' म्हणत होता, शेवटी 'माताजी' म्हणायला लागला. कपाट बदलून दिलं, वर सरबत पाजलं. येताना आपण त्याच्याच मेव्हण्याच्या दुकानातून एकेक इस्त्री घेऊन आलो, ती गोष्ट वेगळी. तेव्हापासून आपलं ठरलं की आधी जायचं, चूक कोणाची ते घरी येऊन बघायचं. रेशनचं दुकान, शाळेची बाई, इकडे एकाच बिल्डिंगमध्ये राहायला आल्यावर तो टाकी न धुणारा बिल्डर, सगळीकडे आपण जोडीने गेलो. तुझ्या त्या 'बरोबर आहे'ला जी धार होती ती माझ्या अख्ख्या भाषणाला नव्हती. हे मी तुझ्या तोंडावर कधी म्हटलं नाही, आता लिहून देते.

आणि मग गिरणीवाल्या गुरुदत्तने ती भिंत घातली, नेमकी गटाराच्या तोंडावर. दर जुलैत नदी चढली की पाणी रस्त्यावर यायचं, जरा फिरून परत जायचं. गेल्या वर्षी ते पहिल्यांदा माझ्या स्वयंपाकघरात आलं. तांदळाचा डबा तरंगत देव्हाऱ्यापर्यंत गेला. मी चिखलाच्या पायांनी, हातात पहार घेऊन खालून तुला हाक मारली, 'चल.' आणि तू दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून वाकून म्हणालीस, 'उमा, मी येत नाही. भिंत फोडायला तर नाहीच नाही.' सगळ्या बिल्डिंगने ऐकलं गं. मला पाण्याचं एवढं वाईट वाटलं नव्हतं.

पुढचं तू वरून पाहिलंसच. मी एकटी गेले, दोन विटा पाडल्या, तिसरीला पहार सटकली ती माझ्याच अंगठ्यावर. ज्याच्यावर स्वारी केली त्यानेच मला पिठाच्या टेम्पोत बसवून बेलवलीच्या डॉक्टरकडे नेलं. टाके पडेपर्यंत बाकावर बसून राहिला आणि निघताना म्हणाला, काकी, अगोदर बोलला असतात तर दोन विटा मीच काढून दिल्या असत्या. शत्रू असा वागायला लागला तर माणसाने लढायचं तरी कसं. घरी आले तेव्हा डोक्यापासून पायापर्यंत पिठाने पांढरी झाले होते. आमच्या ह्यांनी दार उघडलं आणि विचारलं, दळण कुठाय.

तर प्राध्यापक सांगत होते, पहिलं कारण अंतर. ज्याच्या घरात पाणी शिरतं त्याला आजच्या आज युद्ध हवं असतं, वरच्या मजल्यावरच्याला विचार करायला वेळ असतो. मजल्याचं उदाहरण माझं, पण अर्थ तोच होता. दुसरं कारण व्यापार. ज्याच्याकडून रोजचा माल येतो त्याच्यावर तोफ डागायला कोणी उत्सुक नसतं. मला लगेच तुझी भाजणी दिसली. सकाळी गिरणी पुसूनबिसून गुरुदत्त पहिलं दळण तुझं घालतो, त्याच्याशी वाकडं घेतलंस तर तुझी थालीपिठाची गिऱ्हाइकं गेली. मी तेव्हा तुला पिठाला विकली गेलीस असं म्हणाले होते. आता कळतंय की याला शास्त्रात जागा आहे आणि मोठमोठे देश हेच करतात.

मग त्यांनी इराकच्या युद्धाचं सांगितलं. फ्रान्स, जर्मनी, अमेरिकेचे इतके जुने दोस्त, आम्ही येत नाही म्हणाले. त्या रागात अमेरिकेच्या संसदेच्या कँटीनमध्ये म्हणे बटाट्याच्या फ्रेंच फ्राइजचं नावच बदलून टाकलं. सभागृह हसलं. मी हसले नाही, कारण आमच्याकडे जिला इतकी वर्षं 'संध्याची आमटी' म्हणतात तिला मी जुलैपासून नुसती आमटी म्हणत होते. आणि गंमत म्हणजे छप्पन साली सगळं उलटं होतं. ब्रिटन आणि फ्रान्स सुएझसाठी इजिप्तवर धावून गेले आणि अमेरिकेनेच त्यांना मागे फिरायला लावलं. मला एकदम ते गच्चीचं कुलूप आठवलं. तू फोडायला निघाली होतीस आणि मी तुझा हात धरला होता, कारण ते लावणारा सोसायटीचा तेव्हाचा सेक्रेटरी माझा मावसभाऊ. हे मी तिथे कोणाला सांगितलं नाही.

शेवटी म्हणाले, प्रश्न विचारा. मी हात वर केला. ह्यांनी झोपेतच माझा पदर ओढला. मी विचारलं, समजा दोन राष्ट्रं आहेत, अगदी तरुणपणापासूनची. एकाच्या स्वयंपाकघरात शत्रूने पाणी घातलं. अशा वेळी दुसऱ्याने गॅलरीत उभं राहून बघत बसावं हे कुठल्या धोरणात बसतं? लोक पुन्हा हसले. प्राध्यापकांनी मात्र चष्मा काढला आणि विचारलं, 'बाई, पहिल्या राष्ट्राने दुसऱ्याला विचारलं होतं, की नुसतं कळवलं होतं?' मी म्हटलं, हातात पहार असताना विचारत कोण बसतं. तर म्हणाले, 'मग तुम्हाला दोस्त नको होता, शिपाई हवा होता.' मला असा राग आला म्हणून सांगू. नंतरच्या बटाटावड्याला चवच लागली नाही, त्यात चटणी संपलेली. रिक्षात हे म्हणाले, व्याख्यान फार अभ्यासपूर्ण झालं.

म्हणजे मी माघार घेतेय असं समजू नकोस. भिंत चुकीचीच होती. गणपतीच्या आधी तू दळणाला जाऊन जाऊन गुरुदत्तला भिंतीखालून पाइप टाकायला लावलास, हे मला कळलंय. एका शब्दाने बोलली नाहीस. पाइप चार इंची आहे. मी सहा इंची टाकून घेतला असता. पण सप्टेंबरातल्या त्या मोठ्या पावसात माझं स्वयंपाकघर कोरडं राहिलं, हेही खरं, आणि हे लिहिताना हात जड होतोय.

दिवाळीनंतर तू पुण्याला लेकाकडे, यज्ञेशकडे गेलीस तेव्हा मला वाटलं, माझ्यावर रुसून गेलीस, चार दिवसांनी येशील. मीही ताठ. पण घराला कुलूप तसंच राहिलं. काल मी दळण घेऊन गेले तर गुरुदत्त सांगतो, तू त्याला अधूनमधून फोन करतेस. मला नाही, शत्रूला. मग त्याने पुढचं सांगितलं. यज्ञेश एजंटला घेऊन तुझी जागा दाखवून गेला. आणि तू फोनवर म्हणालीस म्हणे, 'जागा विकायचं ठरलंय. मला जेवताना सांगितलं.' एवढंच बोलून तू गिरणीत आज गर्दी आहे का ते विचारलंस. हे सांगताना गुरुदत्त माझ्याकडे बघत नव्हता.

ऐकलं आणि घरी येऊन मी कल्याणहून पुण्याला जाणाऱ्या गाड्या बघितल्या. चांगली साडी काढली. यज्ञेशला काय काय सुनवायचं ते ओट्यापाशी उभी राहून मोठ्याने म्हणून पाहिलं, तर ह्यांनी घाबरून टीव्ही बंद केला. तो पोरगा माझ्या मांडीवर मोठा झालाय, माझ्यापुढे दोन मिनिटं टिकायचा नाही. पण साडी पलंगावर तशीच पडलीय. तुझ्या मुलावर चालून जायचं तर तुला विचारल्याशिवाय कशी जाऊ. आणि त्याच्या आधी दुसरं एक विचारायला हवं. ते तुला आजवर कोणी विचारलं असेल असं मला वाटत नाही. सासरी कोणी विचारलं नसेल, यज्ञेशने तर नाहीच, आणि मीही कधी विचारलं नाही. तुला कुठे राहायचंय, संध्या? पुण्यात बरं वाटत असेल तर तसं लिही. मी तुझी भांडी बांधून देईन, रडेन, पण भांडणार नाही. इथे यायचं असेल तर तसं लिही. मी पहिल्या गाडीने येते आणि तू म्हणशील तेवढंच बोलते. 'बघू' मात्र लिहू नकोस. आणि उत्तर गुरुदत्तच्या फोनवर देऊ नकोस, मला दे.

वाट बघत बसलेली,
तुझीच,
उमा