शकूचा अंगठा

सासूबाई,

नमस्कार मुद्दामच लिहीत नाही. तुम्हाला जाऊन चार वर्षं झाली आणि तुमच्याशी भांडायचं खरं कारण मला काल सापडलं.

तुमच्या नातीला, शकूला, दुसरा महिना लागलाय. काल तिला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. जन्मापासून तळव्यात दुमडलेला डावा अंगठा तिनं पुढं केला आणि विचारलं, "माझ्या बाळाचापण असाच होईल का?"

तिच्या बारशाला काय म्हणाला होतात, आठवतं? निम्मी गुलमंडी घरात जमली होती. "लई शहाणी हाय आमची सून! सातव्या महिन्यात, ग्रहण लागलेलं असताना दुकानातल्या कापडाच्या घड्या घालीत बसली. पोरीच्या अंगठ्याचीच घडी झाली की!" बायका हळहळल्या, तुमच्यासाठी!

तेवीस वर्षं मी ते खरं मानलं. लग्नाकार्यात पोरीचा हात पदराखाली झाकला. चिडून कधी तो अंगठा ओढूनही पाहिला. ती रडायची. तुम्ही जपमाळ ओढत बघत बसायचात.

काल कळलं, बोटं हलवणाऱ्या दोऱ्या, कंडरा म्हणतात त्यांना, पोटात दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातच तयार होतात. तेव्हा हात असतो जेमतेम जोंधळ्याच्या दाण्याएवढा. शकूचा अंगठा उचलणारी दोरी तेव्हाच धड झाली नाही. ग्रहणाला बिघडवायला काही उरलंच नव्हतं!

मी सुटकेचा श्वास सोडणार, तेवढ्यात बाईंनी मला विचारलं, "त्या दिवसांत काही औषध घेतलं होतं?"

दुसऱ्या महिन्यात तुम्ही कुणाकडून तरी पुडी आणली होती, मुलगा व्हावा म्हणून. सात दिवस, गाईच्या दुधातून. माझं नाक दाबून पाजलीत का? नाही. मलाही मुलगाच हवा होता. पेल्याच्या तळाशी राहिलेलं मी बोटानं चाटलं.

"काहीच नाही," मी म्हणाले. त्या पुडीनंच झालं असं बाईही छातीठोकपणे सांगू शकल्या नसत्या. पण शकू माझ्याकडं बघत होती.

परतताना रिक्षात ती म्हणाली, "आई, आमच्या सासूबाईंनी मुलासाठी पुडी आणलीय. घेऊ का?"

"अजिबात नाही!"

"का?"

मी रिक्षावाल्यावर खेकसले, नीट चालव म्हणून.

उद्या तिला का ते सांगणार आहे, हे माझं वचन. आधी तुमचं नाव घेईन, मग माझं. तुम्ही मरून मोकळ्या झालात. तिचा सगळा राग झेलायला आता मी एकटीच उरलेय.

तुमची सून,
कुसुम