उजवीकडे समुद्र, समोर जीप

प्रिय भाऊजी,

थोरल्या वहिनीचे अनेक आशीर्वाद. (वयानं तुम्ही माझ्याहून दोन वर्षांनी मोठे, पण नात्यानं मी मोठी, आणि एवढ्या लांबून तुम्ही हरकत घेऊ शकत नाही.) तुमचं पित्त आटोक्यात असेल अशी आशा करते. आम्ही दोघी जावा परदेशी निघाल्यापासून तुम्ही दोघे भाऊ एका घरी राहून स्वतःच्या हातानं रांधताय, असं तुमच्या दादांनी फोनवर सांगितलं. आवाजावरून भात करपला असावा असं वाटलं. इकडे मी आणि तुमची बायको, म्हणजे आपली धाकटी, दोघी खुशाल आहोत. हे आधीच लिहून टाकते, कारण पुढचं वाचताना तुम्हाला मधेच शंका येईल.

एकतीस वर्षं मी मुलांना भूगोल शिकवला. ‘येथे पर्वत थेट समुद्रात उतरतात’ हे वाक्य फळ्यावर निदान साठ वेळा लिहिलं असेल. पण थेट म्हणजे किती थेट, हे कुणी विचारलं नाही आणि मला ठाऊकही नव्हतं. निवृत्त झाल्यावर ठरवलं, की एकदा जाऊन बघायचं. आणि बसमधून बघायचं नाही. बसवाला त्याला हवं तिथे थांबतो, मला हवं तिथे नाही.

गाडी भाड्यानं देणारं ऑफिस विमानतळामागच्या एका लांबट पत्र्याच्या खोलीत होतं. एका भिंतीवर हुकांना किल्ल्या, दुसरीवर उंचसखल भाग दाखवणारा भला मोठा नकाशा, आणि मधे काउंटरवर एक चष्मेवाले गृहस्थ. ‘डोंगरातल्या रस्त्यांचा अनुभव आहे का?’ असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, एकतीस वर्षांचा. (हे खोटं नव्हे. नकाशावरचा अनुभव होता, एवढंच.) मग मी त्या नकाशाशी गेले, कारण त्यात एक नदी समुद्रापाशी येऊन चक्क मागे वळलेली दिसत होती आणि ती तशी का वळते ते कळल्याशिवाय मला तिथून हलवेना. मागे धाकटीनं फॉर्मवर कुठेतरी सही केलेली ओझरती दिसली. मला वाटलं, साक्षीदार म्हणून केली असेल.

इथे स्टिअरिंग डावीकडे असतं. त्यामुळे पहिले दोन दिवस गिअर टाकायला म्हणून मी दाराची मूठ ओढत होते, आणि वळायचं असलं की दिव्याऐवजी काचेवरचे वायपर फिरत होते. ऊन कडक होतं, पाऊस कुठेच नव्हता. पण दुसऱ्या दिवशी मागचा एक ट्रकवाला आमचे वायपर फिरताच वेग कमी करू लागला, म्हणजे त्याला आमची भाषा समजली होती. रस्ता सांगणाऱ्या यंत्रातल्या बाई मात्र फार करारी. रस्ता चुकला की आमच्या हेडबाईंसारख्या आधी गप्प बसतात आणि मग तेच वाक्य पुन्हा म्हणतात.

पण भाऊजी, काय रस्ते आहेत! कडा निसटू नये म्हणून अख्ख्या डोंगराला लोखंडी जाळी घातली आहे, आंब्याच्या पेटीला घालतात तशी. वळणावळणावर फुगीर आरसे. एक बोगदा तर डोंगराच्या पोटातच वळतो, आणि बाहेर आलं की मघाशी डावीकडे असलेला समुद्र उजवीकडे. (मी गाडी वळवून तो बोगदा पुन्हा केला. तरी नीट उमगलं नाही.) एका जागी तर सरळसोट कड्यावर घर, दोरीवर कपडे वाळत घातलेले, आणि वर जायला पायवाटसुद्धा दिसेना. आम्ही खाली गाडी लावून अकरा मिनिटं बघत बसलो. शेवटी एक म्हातारी बाहेर आली, तिनं कळ दाबली, आणि आमच्या डोक्यावरून एक लाकडी पेटी तारेवरून सुळकन वर गेली. आत बटाटे आणि एक उशी. धाकटी कितीतरी वेळ वर बघत होती. मग म्हणाली, “ताई, दिवस भरलेल्या बाईला खाली कसं आणत असतील हो?” बावीस वर्षं प्रसूतिगृहात काढलेल्या बाईला दुसरं काय सुचणार?

जे सांगायला हे पत्र लिहायला घेतलं, ते त्याच दुपारी घडलं. रस्ता अरुंद होत होत एका गाडीपुरता उरला. डावीकडे कडा, उजवीकडे गुडघ्याएवढा कठडा, आणि कठड्यापलीकडे एकदम खाली समुद्र. (थेट म्हणजे इतकं थेट.) वळण घेतलं तर समोर जीप, आणि जीपला मागे जोडलेला गुरांचा पिंजरा. जीपमधून रबरी बूट घातलेले एक धिप्पाड गृहस्थ उतरले. ते गुरांचे डॉक्टर. वरच्या गोठ्यात एक गाय अडली होती. पिंजरा जोडलेला असल्यामुळे त्यांना मागे जाता येत नव्हतं. म्हणजे मागे आम्ही जायचं होतं. गाड्या एकमेकींना जाऊ देतील अशी रुंद जागा होती, पण ती पाऊण फर्लांग मागे, दोन वळणांपलीकडे.

तुमच्यापासून काय लपवू? मी गाडी एक हात मागे घेतली आणि माझे हात थांबले. पाय थांबले. पुढे जायचं म्हटलं तर मी कुठेही जाईन, पण जे दिसत नाही तिकडे जायचं, तेही समुद्राच्या कडेनं, हे काही जमेना. डॉक्टर घड्याळ बघत होते, पण रागानं बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं झालं असतं, मी निदान भांडले असते.

धाकटी म्हणाली, “ताई, सरका.”

“कुठे सरकू?”

“माझ्या जागेवर. मी घेते मागे.”

“तू? तुला कुठे येते गाडी?”

“दोन वर्षं झाली लायसन्सला. त्या फॉर्मवर माझंही नाव आहे. सरका आता, गाय अडलीय तिकडे.”

मी सरकले. बसायला मिळाली ती समुद्राकडची जागा, त्यामुळे पुढचा सगळा वेळ मी फक्त पाणी पाहिलं. ती मात्र एकदाही खाली बघेना. आरशात बघायची, मान मागे वळवायची, तोंडानं हळू “ये, ये, थोडं अजून” असं म्हणत होती. गाडीला म्हणत होती की प्रसूतिगृहातली सवय होती, कोण जाणे. दोन वळणं तिनं अशी घेतली की गाडीला कठड्याची धूळसुद्धा लागली नाही. रुंद जागेत गाडी लागली, जीप बाजूनं पुढे निघाली आणि थांबली. डॉक्टरांनी खाली उतरून धाकटीचा हात हातात घेतला. किती वर्षं चालवता, असं विचारलं. तिनं दोन बोटं दाखवली. “वीस?” ते म्हणाले. तिनं बोटं मिटली. मीही चूक सुधारली नाही. तेवढ्या घाईतही तिनं त्यांना त्या कड्यावरच्या बायकांचं विचारलंच. ते म्हणाले, “मागच्या बाजूनं गाडीवाट आहे. दोन बाळं, आईच्या पोटात असतानाच, माझ्याच पिंजऱ्यातून उतरवलीत. आधी धुतला होता.”

ते गेल्यावर ती रडली. थोडंसंच. मग सांगितलं. लग्न नवीन असताना तिनं तुम्हाला गाडी शिकवा म्हटलं होतं, आणि पाहुण्यांसमोर तुम्ही म्हणालात, “आधी स्कूटर स्टँडवर लावून दाखव.” सगळे हसले. (मीही हसले होते, भाऊजी. आठवतंय मला.) म्हणून योगासनांच्या वर्गाला जाते सांगून ती पन्नाशीत मोटर ट्रेनिंग स्कूलला गेली. तिथून पुढचे चार दिवस तिनंच गाडी चालवली, आणि मी नकाशा धरून माझ्या सगळ्या नद्या पाहिल्या. त्या मागे वळणाऱ्या नदीचं कोडंही सुटलं, पण ते समक्ष सांगेन, आकृती काढावी लागेल.

दादांना सांगा, भाताला पाणी जास्त घाला.

तुमची,
थोरली वहिनी

ता. क. शुक्रवारी सकाळी आम्ही उतरतो. विमानतळावर न्यायला याल तेव्हा किल्ली तिच्या हातात द्या आणि तुम्ही मागे बसा. एवढ्यासाठीच हे पत्र लिहिलं. हसू मात्र नका. तिला यातलं काही ठाऊक नाही.

ता. क. (अक्षर ओळखलंत ना?) ताई पाकीट चिकटवायला डिंक शोधत होत्या, तेवढ्यात वाचलं. लायसन्स टपालानं आलं तेव्हा पोस्टमनकडून तुम्हीच सही करून घेतलंत, हे मला त्यानंच सांगितलं होतं. माझ्या साड्यांखाली नीट ठेवलंत आणि दोन वर्षं एका शब्दानं बोलला नाहीत. मी कधी सांगते याची वाट बघत होतात ना? आता सांगितलं. मागे बसून ब्रेक दाबल्यासारखे पाय दाबायचे नाहीत.